तिसरं कडवं

डे मॉइनच्या जत्रेचं मैदान, ऐन ऑगस्ट,
फळ्यांना अजून गुरांच्या प्रदर्शनाचा वास.
चाळीस हजार माणसं, आणि वर व्यासपीठावर
घडीच्या खुर्चीत ऑर्फा टिलमन, वय शहाऐंशी.
माझं काम एवढंच :
उतरत्या उन्हात तिच्यावर छत्री धरायची.
मी पंधरा वर्षांची. हात भरून आलेले.

मस्कटीनला गुंड्यांच्या कारखान्यात
तिनं बावीस वर्षं शिंपल्यांना भोकं पाडली.
डाव्या हाताची दोन बोटं तिथंच राहिली.
गीत लिहिलं तेही गुंड्या टाचायच्या पुठ्ठ्यामागं,
धाकटा लूथर शिंपले काढायला मिसिसिपीत उतरला
नि वर आली ती नुसती टोपी,
त्याच आठवड्यात.

प्रचारक घामानं निथळत म्हणाला,
"हिच्या एका गीतानं जेवढे आत्मे तारले
तेवढे माझ्या साऱ्या उपदेशांनी नाही!"
भोंग्यांची तोंडं पलीकडे. ती माझ्याकडं वळली,
"काय म्हणतोय गं?"
"स्तुती करतोय तुमची."
"मग नाही ऐकू आलं तेच बरं."

मग सगळे उठले.
पहिलं कडवं, दुसरं.
ती ओठ मिटून, गुडघ्यावर
आठ बोटांनी ताल मोजत.
तिसऱ्यात
नदीच्या पल्याड भेटशील खचित
मैदानच जागचं उचललं गेलं जणू
आणि तिचा हात थांबला.

"कदाचित."
मला वाटलं, पाणी मागतेय.
"मी कदाचित लिहिलं होतं, पोरी.
पुस्तक छापणाऱ्यांनी खोडलं. म्हणाले,
बाई, भक्तीच्या गीतात हा शब्द बसत नाही.
चालीत तर बसत होता."

मायक्रोफोन तिच्या डोक्याच्या वर.
कुणीतरी वाकवला. किंचाळला तो.
चाळीस हजार श्वास रोखलेले,
आता आशीर्वाद देईल, साक्ष देईल म्हणून.
तिनं टोपी नीट केली.
"कदाचित," ती म्हणाली,
एवढंच, आणि बसली.

आणि त्या अख्ख्या मैदानानं,
गुरांच्या गोठ्यांपासून पार रस्त्यावरच्या गाड्यांपर्यंत,
गडगडून उत्तर दिलं :
आमेन!

ती इतकी हसली
की छत्री माझ्या हातून सुटली.

आता माझेही गुडघे दुखतात.
रविवारी तिसरं कडवं आलं
की मी दोन मात्रा मागं पडते.
ऑर्गनवाला मान वळवून बघतो.