अकरा किल्ल्या

वसुबारसेपासून किल्ल्या यायला लागतात.
पहिली मेरगूंची, मग चिलवेरींची,
मग वरच्या गल्लीतल्या त्या नव्या सुनेची,
जिनं कुलूप चार वेळा ओढून पाहिलं
आणि पाचव्यांदा मला ओढायला लावलं.
नरसव्वा अक्का, जरा लक्ष ठेवा की.
ठेवते की.
दुसरं काय आहे ठेवायला माझ्याकडं.

वाचता येत नाही मला.
किल्लीला विडीचा दोरा बांधते:
मेरगूंना एक गाठ, चिलवेरींना दोन,
मास्तरांना सात.
कोटांना अकरा,
बांधता बांधता रीळच संपलं.

पोलिसांची गाडी फिरून गेली घरकुलात.
भोंग्यातून साहेब सांगत होता,
सोनं घरात ठेवू नका, शेजाऱ्यांना सांगून जा,
कुठं चाललात ते फोनवर मिरवू नका.
गाडीमागं पोरं लवंगी उडवत पळत होती.
अर्धं ऐकू आलं, अर्धं धुरात गेलं.
चिलवेरींच्या व्यंकटेशनं तरी
तिरुपतीहून टकलाचा फोटो टाकलाच.
देवाला कळवलंस, ठीक.
चोराला कशाला रे पत्रिका?

कुलपावरून नाही कळत घर रिकामं.
रांगोळीवरून कळतं, शिळी झाली की.
म्हणून पहाटे चारला उठते,
अकरा उंबरे, अकरा सडे.
मेरगूंच्या दारात कमळ,
मास्तरांच्या दारात नुसते ठिपके जोडून,
त्यांची बायको एवढंच काढते,
जास्त काढलं तर संशय यायचा.
संध्याकाळी पणत्या. तेल माझं.

पाडव्याच्या दुपारी एक जण आला.
गळ्यात ओळखपत्र, हातात वही, पायात नवे बूट.
मीटर बघायचंय. ह्या ओळीत कुणी नाही का, मावशी?
कात्री थांबवली नाही मी.
म्हटलं, हळू बोल बाबा,
सगळे रात्रपाळी करून झोपलेत.
बरं म्हणाला,
आणि टाचा उचलून चालत गेला गल्लीबाहेर.

तिथंच ओळखलं मी त्याला.
तीन दिवस ह्या गावात एक माग वाजत नाही,
सणाला कसली रात्रपाळी?
इथला असता तर हसला असता.

खटखट नसली की झोप येत नाही मला.
पत्र्यावरून मांजर गेलं तरी ऐकू येतं.
दिवा लावून बाहेरच बसले,
सुपात पानं, मांडीत किल्ल्या.
दोनच्या सुमाराला कडी हलली,
मास्तरांची की कोटांची, कळेना.
भ्याले. खोटं कशाला सांगू.
ओरडायला गेले तर मराठी सापडेना,
आईची भाषा आली तोंडात:
येवरू? येवर्रा अदी?
कुत्री उठली.
पलीकडचा लतीफ शिलाई सोडून
मोजायची लोखंडी पट्टी घेऊन धावला,
तिनं काय मारणार होता कुणास ठाऊक.

कुणी नव्हतं. किंवा होतं आणि गेलं.
सकाळी मास्तरांच्या ठिपक्यांवर
बुटाचा ठसा, नवाकोरा.
पुसला नाही मी. वर टोपलं पालथं घातलं.
हवालदार आला, बघितलं,
म्हणाला, आजी, रात्री आत झोपत जा.

भाऊबीज झाली, माणसं परतली,
रापलेली, भांडलेली, लाडू घेऊन.
दहा किल्ल्या गेल्या.
मास्तर म्हणाले, माझी रांगोळी कुणी बिघडवली?

कोटांची राहिली.
ते सुट्टीला गेलेच नव्हते.
भिवंडीला माग मिळतोय म्हणाले,
चार दिवसांत बघून येतो.
आता गड्ड्याचे पाळणे उभे राहिले.

त्यांचाही उंबरा झाडते मी अजून,
थोडी मोठीच काढते रांगोळी.
काल पोस्टमन आला,
कडी वाजवली,
आणि बराच वेळ उभा राहिला.