तारखा

सकाळी ती दारातून बाहेर आली
आणि तिचं डोकं एकदा वर उडालं.
पुढचा डावा.
मी बादली खाली ठेवली.

चार वर्षांची घोडी, धुक्याच्या रंगाची,
नावही तेच : थोका, म्हणजे धुकं.
गवताची गासडी जागेवरून हलली
तर दोन दिवस तिच्याकडे संशयानं बघणारी.
मी हातमोजे बदलले तरी आधी हुंगून,
फुरफुरून, मग कसंबसं मान्य करणारी.
अशीच्या पायात काय आहे
ते विचारायचं कुणाला?

डोळे मिटून चारही खुरांवर तळहात ठेवला,
पोरांच्या कपाळांवर एकेक करून ठेवतात तसा,
एकाचा ताप बाकीच्यांवरून कळतो.
चारही सारखेच, खाडीवरच्या वाऱ्याइतके गार.
नाल घट्ट. तळव्यात खडा नाही.
नळीवरून बोट फिरवलं, कुठे गाठ नाही, सूज नाही.
कोमट मिठाच्या पाण्यात पाय धरून ठेवला वीस मिनिटं;
म्हणजे ठेवणार होते.
अकराव्या मिनिटाला डोमकावळा पत्र्यावर उतरला
आणि सगळं पाणी माझ्या बुटात.

स्टेनथोर कुंपणापाशी येऊन म्हणाला, खांद्यात असेल.
मग म्हणाला, नाहीतर खुरात.
तपकिरीची चिमूट नाकात ओढली,
शिंकला नाही,
म्हणाला, नाहीतर डोक्यात.

गुरुवारी हाल्बेरा आली, आकुरेरीहून, ऐंशी किलोमीटर.
चिमट्यानं खूर दाबला,
गुडघा मुडपून मिनिटभर धरला, सोडला.
पळव, म्हणाली.
मी पळवलं. लाव्ह्याच्या काळ्या खडीवर, मग गवतावर,
मग गोल, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून.
थोका अशी चालली
जणू तिच्याबद्दल कुणी कधी वाईट बोललंच नव्हतं.
रवाळ, चारही ठोके सारखे,
पाठीवर भरला पेला ठेवला असता तरी सांडला नसता.
हाल्बेरानं माझ्याकडे पाहिलं,
दाढ दुखायची थांबल्यावर दवाखान्यात आलेल्या
माणसाकडे पाहतात तसं.
कॉफी घेतली, दोनदा. बिल दिलं.
गाडीत बसता बसता म्हणाली,
तारखा लिहून ठेव.

लिहिल्या.
मंगळवार, दारापासून फाटकापर्यंत.
बुधवार, सकाळी हो, दुपारी नाही.
शनिवार, फाटकापाशी, चाळीस पावलं.
रविवार, फाटकापाशी.
मंगळवारच्या आधी काही नाही, तेव्हा ती लंगडत नव्हती.
त्या सोमवारी फक्त म्हातारा स्कुग्गी गेला.
एकोणतीस वर्षांचा. दात उरले नव्हते,
हा हिवाळा निघाला नसता.
फाटकापाशी चिखल होता, ट्रेलर वळता वळत नव्हता.
मी ते लिहिलं नाही.
ते पायाचं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी वही मिटून तिला तिकडे नेलं.
लगाम नाही, नुसती दोरी, तीही सैल.
चाकांच्या खोल चाकोऱ्या, त्यांत पाणी,
पाण्यावर बर्फाची साय.
तिनं नाक खाली नेलं.
सायीला तिच्या श्वासानं भोक पडलं, वाटीएवढं.
किती वेळ, माहीत नाही. माझी बोटं बधिर झाली,
स्टेनथोरच्या घरातला दिवा लागला.
मग ती फुरफुरली आणि
स्वतःहून पुढे निघाली.

त्यानंतर नाही. किंवा मला दिसलं नाही.
हाल्बेरा फोनवर म्हणते, खुरात बारीक गळू असणार,
आपोआप फुटून जातं.
स्टेनथोर कपाळावर बोट ठेवतो.
दोघांनाही मी हो म्हणते.

पण अजून ती दारातून येते तेव्हा
माझी नजर आधी पायाकडे जाते
आणि तिला ते कळतं.
कान मागे, पाऊल क्षणभर अधांतरी,
टेकवू की नको.
म्हणून हल्ली डोंगराकडे बघत दार उघडते
आणि कानांनी मोजते.
एक, दोन, तीन.
चौथा येतो, रोज येतो.
तो येईपर्यंत बादली
हातातच असते.