अकरा झ्लोटींचा कोळी

इवोना फोनवर म्हणाली, आई, पन्नास वर्षं होतायत लग्नाला,
हॉल घे. फुग्यांची कमान उभारणारी माणसं मिळतात,
चारशे झ्लोटींत सगळं लावून जातात.
मी म्हटलं, आणि काढायला कोण येतं?
ती गप्प. मग म्हणाली, कर तुला हवं ते.

तर हे स्वयंपाकघरातलं टेबल,
त्यावर अकरा झ्लोटींचा बाजार:
पतंगी कागद, लाल, पिवळा,
आणि कडा विटलेला एक निळा
जो वूच शहरात कोणालाच नको होता,
दुकानदारणीने फुकट दिला.
काड्या ग्राब्स्काबाईंच्या भावाच्या शेतातल्या.
यंत्राने कापलेली काडी चिरडते, उपयोगाची नाही.
यंत्र वळताना बांधाकडेला जी राय सुटते
ती विळ्याने कापलेली,
रात्रभर ओल्या टॉवेलात झोपवलेली.
मोडक्या लॅम्पची तारेची कडी.
भिजवलेले वाटाणे, सुई आरपार जाते,
उरतील त्यांचं सूप.

दोरा विकत घ्यावा लागत नाही.
गिरणी बंद पडली त्या साली
शेवटचे तीन पगार त्यांनी दोऱ्यात दिले.
इवोनाच्या जुन्या बाबागाडीत
झेनॉनने बत्तीस कोन घरी आणले
आणि चार मजले चढायच्या आधी
खालच्या पायरीवर बसून राहिला.
पडदे, बटणं, नाताळच्या बदकाचं पोट,
सगळं त्याच दोऱ्याने शिवलं.
अजून सात कोन आहेत.
असा पगार कधी कोणाला पुरला नसेल.

करायला सोपं आहे हो.
बोटभर काडी, कागदाचं फूल, बोटभर काडी, वाटाणा.
फुलाला सहा चकत्या, चहाच्या पेल्याने आखलेल्या,
मधोमध चिमटलेल्या.
माझी फुलं कोबीसारखी होतात. होऊ देत.
काड्या झेनॉन कापतो. पट्टी न लावता
दोनशे काड्या, एकही कमीजास्त नाही.
बत्तीस वर्षं माग दुरुस्त केले त्याने,
हात घरी आणले, कान तिथेच राहिले.
कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये असतं;
त्यातून फक्त भांडी ऐकू येतात, म्हणतो.

आम्ही याला पायोंक म्हणतो, कोळी.
पाय मोजू नका, वाट्टेल तितके असतात.
गुरुवारी छताला टांगला.
जरा तिरकाच.

शुक्रवारी कचरा टाकून वर आले.
वीस वर्षं मी दार उघडून आत शिरते
आणि तो मला अचानक समोर पाहून दचकतो,
मग चिडतो, मग मी चिडते.
आज दाराकडे पाठ, हातात पेपर,
आणि न वळता म्हणाला, आलीस?

मी बादली हातातच धरून उभी.
वर कोळी सावकाश फिरत होता,
निळं फूल खिडकीकडून दाराकडे.

मी पुन्हा बाहेर गेले.
दार अगदी फटीएवढं उघडलं, चोरासारखं.
आता कोण, मांजर? तो म्हणाला.

शनिवारी चौदा माणसं आली.
ग्राब्स्काबाईंच्या अंबाड्यात दोन वाटाणे अडकले,
बोग्दानच्या टकलाला लाल रंग लागला.
इवोना फोनच्या पडद्यातून म्हणाली, तिरका आहे, आई.
झेनॉन दाराकडे पाठ करून बसला होता,
पैज लावून:
बोग्दान म्हणजे पूर्ण फेरा,
ग्राब्स्काबाई अर्धा, त्या दार नीट उघडतच नाहीत,
खालची पोरं म्हणजे वादळ.
दोनदाच चुकला.
त्या वेळचा त्याचा चेहरा
मी मागाजवळ पाहिला होता, खूप पूर्वी,
जेवणाचा डबा घेऊन गेले होते तेव्हा.

रात्री सगळे गेले. भांडी मी तशीच ठेवली.
साडेअकराला कोळी हलला,
थोडासा, पाव फेरा.
दार बंद होतं.
झेनॉनने वर पाहिलं, मग दाराकडे,
आणि शेजारची खुर्ची सरकवून म्हणाला,
या, बसा. सूप आहे अजून.