शेवटची सात मिनिटं

सर्वपित्रीच्या आदल्या रात्री
मंगळवार पेठेत, कुबेर मगदूमच्या गच्चीवर
आम्ही धुतलेली चादर बांधतो दोरीला
आणि प्रेतं चालायला लागतात.

एकतीस वर्षं तोच पिच्चर.
काळा-पांढरा. परदेशातलं कुठलं तरी बंदर,
दीपगृहात अडकलेली सहा माणसं,
आणि वाळूवरून वर येणारे बुडून मेलेले.
इंग्रजी आम्हाला कुठलं कळायला?
दिलावर बागवाननं पदरचे संवाद घातले,
आता तेच खरे वाटतात.

दिलावर म्हणतो, प्रेत असंच पाहिजे, दमानं येणारं.
"पळालं तर त्यात काय गा? पळणारं दमतंय कवातरी.
भ्या वाटतंय ते न थांबणाऱ्याचं."
टेम्पोचे हप्ते अजून फिटलेले नाहीत त्याचे.

हंबीरला हा पिच्चर विनोदी वाटतो.
"सकाळी सातला शिरोलीत फौंड्रीच्या गेटवर ऱ्हा हुबा.
अशीच येत्यात माणसं भाईर,
हात लोंबत्यात, तोंडावर काळी भुकटी.
त्यास्नी बघून कोण दार लावतंय? च्या देत्यात."

कुबेर लचके तोडायचा सीन आला
की उठून टाकीत पाणी किती आहे ते बघून येतो.
परत येऊन सांगतो,
सगळ्यात भारी सीन हाच.

आणि शेवट?
शेवट आमच्याकडे नव्हताच.
पहिल्याच वर्षी व्हीसीआरनं फीत गिळली.
विलास पोतदारनं कात्रीनं कापून चिकटपट्टी लावली,
सात मिनिटं गेली ती गेली.
दिवेवाल्याच्या बायकोचा हात कडीवर,
बाहेर तिचा नवरा, तीन दिवसांपूर्वी बुडालेला,
आणि पडद्यावर मुंग्या.

मग पहाटेपर्यंत भांडण.
दिलावर: उघडू नये. मेला तो मेला.
हंबीर: उघडली आसंल. घरचा माणूस हाय.
मी कधी इकडे, कधी तिकडे, ज्याची चपटी असेल त्याच्याकडे.
पोतदार एकटाच वेगळं बोलायचा,
"ती आतनंच इचारती, जेवलास का?
त्याच्या उत्तरावर हाय सगळं."

पोतदार गेला गेल्या माघात.
त्याची खुर्ची कुणी घडी करून ठेवली नाही,
कुणी बसलंही नाही.

यंदा कुबेरच्या सन्मतीनं पेनड्राइव्ह आणला.
अख्खा पिच्चर, पुसूनपासून लख्ख केलेला,
प्रेतांच्या शर्टांची बटणं मोजता येतील इतका.
मध्येच तिनं विचारलं, "काका, त्या बाईचं नाव काय?"
एकतीस वर्षांत एकालाही माहीत नव्हतं.

आणि मग ती सात मिनिटं.
कडी दिसतच नाही पुन्हा.
उजाडतं. बोट येते. शिपाई उतरतात.
कुणीतरी सिगारेट पेटवतं. समाप्त.
"ह्यासाठी?" हंबीर म्हणाला.
"डुप्लिकेट हाय ह्यो," दिलावर उठून उभा राहिला,
"ओरिजिनल आपल्यापाशी हुता."
सन्मती हसली, तर त्याला रागच आला.

तेवढ्यात खाली दार वाजलं.
दीड वाजून गेलेला.
पुन्हा वाजलं, सावकाश.
कठड्यावरून वाकून बघितलं:
खांबाच्या उजेडात कुणीतरी,
डावा खांदा जरा पडलेला,
पोतदार उभा राहायचा तसा.

हंबीर, उघडणारा, जागचा हलला नाही.
कुबेर टाकीकडे बघत राहिला.
दिलावर जिन्यात होता तेव्हा.
त्याच्या एका पायात माझी चप्पल.

कडी वाजली नाही लगेच.
वर ऐकू आला फक्त त्याचा आवाज,
"जेवलास का रं?"

"व्हय काका," पोतदारचं पोरगं बाहेरून म्हणालं,
"पप्पांची खुर्ची न्यायला आलोय.
उद्या घरात लागणार."

मग कडी.
मग जिन्यावर दोघांची पावलं.
सन्मतीनं न विचारताच पिच्चर मागे नेला,
बाईचा हात कडीवर येईतो,
आणि तिथंच थांबवला.