नववं होल

दुबाशसाहेबांचा चेंडू
नवव्या होलच्या वीतभर अलीकडे,
गांडुळानं वर काढलेल्या मातीला अडून थांबला.
"भिलारे, औषध मार."

मी मान हलवली. कुठल्या बाजूला,
ते त्यांनी बघितलं नाही.

पाचगणीचा हा जांभा,
दोन बोटं खाली गेलं की कुदळ वाजते.
सहा वर्षं पालापाचोळा, शेण, वाळू
चाळून चाळून भरवलं त्याला,
नळीनं भोकं पाडली, श्वास घे म्हणालो.
पहिली चार वर्षं माती मुकीच.

आता पहाटे लांब बांबू
दवावरून फिरवतो.
गांडुळांच्या गोळ्या विस्कटतात, गवतात मुरतात.
साहेब सातला येतात.

औषधाची बाटली
शेडमध्ये आहे. सीलबंद.
तिच्यावर मी टोपी अडकवतो.