कांदेनवमीची बरणी

चोइथराम मंडीतला मंदसौरी लसूण, दोन किलो.
कांदेनवमीची भजी तळून होताच
ईशानी म्हणाली, आता कोरियन लोणचं.
सोलून सोलून नखं चुरचुरली,
बरणीत गळ्यापर्यंत सिरका.

तिसऱ्या दिवशी, नेमकी एकादशी,
पाकळ्या निळ्या. मोरपिशी निळ्या.
आईंनी चष्मा लावून पाहिलं :
उपवास बाधला वाटतं याला.

पुढे सोयासॉस, साखर, पाणी
उकळून, गार करून
ओतलं ते ईशानीनंच.
आमच्यात आता चार महिने लसूण नाही.

भाद्रपदात एकदा
सराफ्यातून उशिरा परतलो,
तर स्वयंपाकघरात दिवा.
आई बरणीचं झाकण जरासं फिरवून
नुसत्या उभ्या, डोळे मिटून.

चाहूल लागताच म्हणाल्या,
घट्ट बसलंय ना, ते बघत होते.