रकाना सात

खडपेबाई बारा वर्षं खाटेवर.
मी पाहणीला गेले तेव्हा काका त्यांची कूस बदलत होते,
दर दोन तासांनी, घड्याळाकडे न बघता.
बारा वर्षांत पाठीवर एक जखम नाही.
अर्जात ह्याला जागा नाही.

चेंबूर, घाटला गाव, माळ्यावरची खोली.
खाटेच्या पायांखाली विटा,
विटांखाली पुठ्ठा, खालच्यांना आवाज नको म्हणून.
मी विचारत गेले :
रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, अपंगत्व किती टक्के.
मग रकाना सात.
पंचविशीवरचा मुलगा?

'आहे की. सुहास.'

शेवटचा कधी आला होता?
काकांनी बाईंकडे पाहिलं.
बाईंनी पंख्याकडे.

मी पेनाचं टोपण लावलं.
म्हटलं, काका, नीट आठवा.
सांभाळत नसेल, पत्ता नसेल,
तर तसं लिहिता येतं.
महिन्याला दीड हजार, डायपरचे तरी निघतील.

काका चादरीची घडी सरळ करत राहिले.
'मॅडम, हिला बोलता येत नाही.
ऐकू सगळं येतं.'

तहसीलदार साहेब विचारतात,
एवढी एकच फाईल का अडली?
मी शेरा मारलाय : पुन्हा भेट आवश्यक.
तिसऱ्यांदा.

नियमाचं पुस्तक मला पाठ आहे,
कुणाच्या कानाआड काय विचारावं
ते त्यात नाही.
मंगळवारी जाईन, साडेचारला,
खाली नळ येतो तेव्हा.
काकांना जिन्यात बोलवेन.
हंडे वाजत असतील,
तेवढ्यात विचारून घेईन.